बिनधुराची ऑस्टिन

माणूस थकला की त्यानं गप घरी बसावं, नवं खूळ डोक्यात घेऊ नये, हे इसाक मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. साठी आली होती. गाडीखाली आडवा झाला की उठताना कुणीतरी हात द्यावा लागे. देवळाली कॅम्पात लॅम रोडवर असलेलं त्याचं गॅरेज आता पुतण्या महेबूबच चालवत होता म्हणा ना. इसाक नुसता सकाळपासून रात्रीपर्यंत तिथं उभा असायचा, कारण दुसरीकडे कुठं उभं राहायची त्याला सवयच नव्हती. असा हा माणूस एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एक दिवस दुपारीच घरी आला आणि बायकोला म्हणाला, "सकीना, ती ऑस्टिन आपण विजेवर चालवायची."

सकीना भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कोंची? ती कोंबड्यांची?"

कोंबड्यांचीच ती. छत्तीस सालची ऑस्टिन, कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरची. डॉक्टरच्या ड्रायव्हरनं एकदा रेडिएटरमध्ये पाणी न घालताच ती घाटात दामटली आणि इंजिनाला हातभर चीर पाडून ठेवली. तसलं इंजिन आता कुठं मिळणार? डॉक्टर मुंबईला जायला निघाला तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, तू घेऊन जा. माझ्याच्यानं हिला भंगारात टाकवत नाही." तेव्हापासून नऊ वर्षं ती इसाकच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि सकीना रोज सकाळी दार उघडून ती गोळा करायची. एवढाच काय तो त्या गाडीचा उपयोग.

आता हे खूळ कशापायी, ते सांगायला हवं. सकीनाला दमा होता. लग्न होऊन ती चांदवडहून आली तेव्हा चांगली धडधाकट होती, डोक्यावर दोन हंडे घेऊन चालायची. गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी बावीस वर्षं संसार केला. मूलबाळ नव्हतं. खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडायची गॅरेजात. इकडे इसाक इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकत उभा राहायचा आणि तिकडे धूर सगळा तिच्या चुलीपाशी. डॉक्टरनं एकदा छातीला नळी लावली आणि विचारलं, "घरात कुणी भट्टी लावता का?" इसाकला ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. त्यानं लगोलग गावाच्या कडेला दोन खोल्या आणि अंगण बघितलं आणि सकीनाला तिकडे हलवलं. हवा चांगली मिळाली. पण रोग एकदा घरात शिरला की तो भाडेकरूसारखा सहजी निघत नाही. धुराची झुळूक आली तरी तिचा श्वास अडायचा.

त्यामुळं तिचं चांदवड तुटलं. तिथं तिची थोरली बहीण बेगमआपा होती. आई लवकर गेली म्हणून तिनंच सकीनाला लहानाचं मोठं केलेलं. आपाचं मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून ती खाटेवरच. तीन वर्षं झाली, बहिणींची गाठ नव्हती. एकदा एसटीनं निघाले, तर स्टँडवरच्या धुरानंच सकीनाचे ओठ काळे पडले. एकदा रेल्वेनं गेले. मनमाडपर्यंत सगळं ठीक, पण मनमाडच्या यार्डात कोळशाची इंजिनं अशी काही धूर ओकत होती की पुढं चांदवड राहिलं बाजूला, आल्या पावली परतावं लागलं. इसाकनं मनाशी धरलं की हिला एकदा चांदवडला नेऊन सोडायचं. डोंगराची हवा, बहिणीची सोबत, चार-सहा महिने राहील, सुधारेल. मग आपण मोकळे. मोकळे म्हणजे काय, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. छातीवरचा तो काटा निघेल, एवढंच.

विजेची कल्पना गोटीरामची. गोटीराम नाशिकरोडला राहणारा, रेल्वेत डब्यांमधल्या दिवे-पंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्यात हयात घालवून नुकताच रिटायर झालेला. बसून बसून तोही कंटाळला होता. इसाकच्या गॅरेजात चहा पिताना तो सहज बोलून गेला, "धूर नको ना इसाकभाई? मग इंजिनच नको. आमच्या स्टेशनावर पार्सलाची ट्रॉली बॅटरीवर पळायची, तिला कुठं धूर होता?"

"आणि गाडीचं पासिंग कोण करून देईल?"

"पोलीस गाडी पकडतो ती धूर बघून. धूरच नाही, तर पकडणार काय?"

असल्या उत्तरावर शहाण्या माणसानं चहा संपवून उठावं. इसाक उठला तो थेट घरी आला आणि त्यानं ताडपत्री ओढली.

पुढचे सात महिने काय झालं ते सगळं सांगत बसलो तर ऐकणाराही थकेल. इसाक दुपारचं जेवण झालं की गॅरेजात परत जाईना. अंगणात लिंबाच्या फांदीला चेनब्लॉक टांगून त्यानं फुटकं इंजिन उचलून बाहेर काढलं. पत्रा इतका सडला होता की बोट दाबलं की आरपार. सडका भाग कापायचा, नवा तुकडा जोडायचा, ठोकून गोलाई आणायची, पॉलिश कागदानं घासायचं. एक दार बसवायला पंधरा दिवस गेले आणि ते बसलं तेव्हा कळलं की दुसरं दार आता लागत नाही. इसाकचे खांदे भरून यायचे. रात्री कुशीवर वळताना तो कण्हायचा आणि सकाळी पुन्हा हातोडी घेऊन बसायचा.

मोटर मिळाली रेल्वेच्या लिलावात, एका मोडक्या ट्रॉलीची. ती ऑस्टिनच्या गिअरबॉक्सला जोडायची म्हणजे मधे जाड लोखंडी तबकडी हवी. पहिली तबकडी केसभर वाकडी निघाली आणि गाडी जागच्या जागी अशी थरथरली की कोंबड्या चार दिवस अंगणात फिरकल्या नाहीत. दुसरीही चुकली. तिसरी लागली. बॅटऱ्यांचं काम तर पहिल्या आठवड्यापासूनच सुरू झालं होतं. गोटीरामनं जुने चोवीस सेल आणून धुतले, नव्यानं ॲसिड भरलं, एकेक तपासून घेतला. बारा पुढं, इंजिनाच्या जागी. बारा मागच्या सीटखाली. पाच-सहा माणसांचं वजन एकट्या बॅटऱ्यांचं झालं आणि गाडीनं मांडी घातली. मग एका टेम्पोचे स्प्रिंगचे पाटे आणून घातले, तेव्हा ती उभी राहिली.

संध्याकाळी सकीना शिलाई मशीन अंगणात काढायची. सीटची खोळ, छताचं अस्तर, खिडक्यांचे पडदे तिनंच शिवले. खालून वारा आणि धूळ येऊ नये म्हणून इसाकनं सांगितलं तसं तिनं मागच्या सीटला चारी बाजूंनी रेक्झिनची झालर लावली, अगदी घट्ट. मशीन चालवता चालवता ती इसाकला कायबाय सांगायची, शेजारच्या सुमनबाईच्या सुनेचं, लहानपणच्या चांदवडच्या किल्ल्याचं, आपानं एकदा तिला विहिरीत ढकलून पोहायला शिकवल्याचं. इसाक हूं हूं करायचा. त्याचं चित्त नटबोल्टात. पण बावीस आणि नऊ, एकतीस वर्षांत एवढा वेळ ती दोघं एका जागी कधी बसली नव्हती.

रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असायच्या, खिडकीखाली. त्या हिवाळ्यात सकीनाचा खोकला वाढला. इसाक म्हणाला, थंडीचा आहे. उन्हाळ्यात तो गेला नाही, तेव्हा म्हणाला, उन्हाळा बाधतोय. गोटीराम म्हणाला, "भाभींना लवकर चांदवडची हवा दिली पाहिजे." दोघांनी माना हलवल्या आणि कामाचा जोर वाढवला.

मे महिन्यात ऑस्टिन गल्लीतून फिरली. बाटलीसारखा हिरवा रंग, पितळी दांडी पुसून लखलखलेली, आणि आवाज म्हणाल तर फक्त टायरांचा. लोक दारात येऊन उभे राहिले. कॅम्पातला एक रिटायर सुभेदार तर पुढचं झाकण उघडून आत वाकून बघत राहिला आणि शेवटी विचारता झाला, "मिस्त्री, हिचं काळीज कुठाय?" इसाकनं सकीनाला मागच्या सीटवर बसवून नाक्यापर्यंत नेऊन आणलं. खिडक्या उघड्या होत्या, वारा होता. "कसं वाटलं?" त्यानं विचारलं. सकीनानं पदर सावरला आणि म्हणाली, "लय झ्याक हाय." इसाकनं एकतीस वर्षांत एवढं कौतुक ऐकलं नव्हतं. रात्री त्याला झोप लागली नाही, थकव्यानं की आनंदानं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

एका चार्जवर गाडी तीस-पस्तीस किलोमीटर जायची, म्हणून बेत ठरला दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी ओझरपर्यंत. तिथं गोटीरामची लेक चिमणा दिलेली होती, तिच्या घरी रात्रभर चार्जिंग. दुसऱ्या दिवशी पिंपळगावाला दुपारभर थांबून, पुन्हा चार्ज करून, संध्याकाळी चांदवड. इसाक सकीनाला आपाकडे सोडून लगेच परत फिरणार होता. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत सहा महिन्यांचे कपडे होते, त्याच्या पिशवीत एक सदरा.

फटफटायला निघाले. इसाक चालवायला, गोटीराम शेजारी, सकीना मागं. नाशिकरोड गेलं, नाशकातला द्वारका चौक गेला, गाडी आग्रा रोडला लागली. इथं मात्र त्यांचे ग्रह फिरले. उन्हाळी कांद्याचे दिवस. समोरून कांद्याच्या ट्रकांची रांगच्या रांग मुंबईकडे निघालेली आणि प्रत्येक ट्रक काळा धूर सोडत जातोय. इसाक ओरडला, "काचा वर घे, सकीना! सगळ्या घे!" तिनं काचा वर घेतल्या, पडदे ओढले. इसाकला बरं वाटलं. बाहेर जगभर धूर असो, आपल्या गाडीत नाही. एवढ्यासाठीच तर हाडं झिजवली.

आडगाव मागं पडलं. गोटीराम व्होल्टमीटरकडे बघून आकडे सांगत होता आणि खूश होत होता. दहाव्या मैलाच्या थोडं अलीकडे इसाकचं लक्ष आरशात गेलं. सकीनाचं तोंड उघडं होतं. एक हात गळ्यावर, दुसऱ्या हातानं ती समोरच्या सीटच्या पाठीवर थापट्या मारत होती, पण त्या थापट्यांना आवाज येण्याइतकंही बळ तिच्यात नव्हतं. ओठ जांभळे पडलेले.

त्यानं गाडी रस्त्याच्या खाली घातली. दोघांनी मिळून तिला उचलून शेताच्या बांधावर बाभळीखाली बसवलं. गोळी दिली, पाणी दिलं, पाठ चोळली. इसाकच्या तोंडून नुसतं "या अल्ला, या अल्ला" निघत होतं. अर्ध्या तासानं छातीतली शिट्टी जरा उतरली आणि सकीनाच्या डोळ्यांत माणूस ओळखल्याची खूण दिसली.

"काचा तर बंद होत्या," गोटीराम गाडीभोवती फिरत पुन्हा पुन्हा म्हणत होता. "धूर आत आलाच कुठून?"

"धूर नाय, भाऊजी," सकीना एकेक शब्द तोडत म्हणाली. "वास. त्या बाटऱ्यांचा."

"कसला वास?"

दोघंही म्हातारे गाडीच्या दारातून आत वाकले. इसाकनं नाक सीटला लावून हुंगलं. गोटीरामनं खोळ उचलून सेलवर तोंड नेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कसला म्हणजे कसलाच वास नव्हता.

बांधापलीकडे एक मेंढपाळ हा तमाशा बघत उभा होता. झुंबर त्याचं नाव. गोटीरामनं त्याला हाक मारली, "पाव्हणं, जरा इकडं या. आत डोकं घालून बघा, काय वास येतोय का." झुंबरनं काठी टेकून डोकं आत घातलं आणि इंगळी डसल्यागत बाहेर काढलं. डोळ्यांना पाणी आलं होतं.

"आरं बाबा," तो खोकत म्हणाला, "ह्यात मानसं बसली व्हती? घशात आग झाली माझ्या. तुमाला नाकं हायेत का नाय?"

नाकं होती. उपयोगाची नव्हती. एकानं चाळीस वर्षं पेट्रोल हुंगलेलं, दुसऱ्यानं तीस वर्षं ॲसिडच्या वाफेत काढलेली. गोटीराम जमिनीवर बसला. "आमच्या बॅटरीरूमची दारं बंद करायची नाहीत असा नियम होता," तो म्हणाला. "चार्ज केल्यावर वाफ निघतेच. मी नव्या पोरांना हेच पहिलं शिकवायचो. आणि स्वतः भाभींच्या बुडाखाली बारा सेल ठेवून वर झालर लावू दिली. मला मारा, इसाकभाई."

 इसाकला एकदम सगळं दिसलं. सात महिने खिडकीखाली चाललेलं चार्जिंग, तो हिवाळाभरचा खोकला, आणि आपण म्हणत होतो थंडीचा आहे. तिला धुराच्या खोलीतून बाहेर काढलं आणि त्याच छातीवर स्वतःच्या हातानं हे नवीन आणून ठेवलं. तो बायकोशेजारी बांधावर बसला. त्याला इतकं थकल्यासारखं झालं की मान सुद्धा जड वाटली. रडायला यावं तर तेवढाही जोर नव्हता.

"तुला पहिल्यापासून येत होता वास?" त्यानं विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस? सात महिने! गल्लीतनं फिरवलं तेव्हा झ्याक आहे म्हणालीस. मरायची होतीस का?"

सकीनानं पदरानं तोंड पुसलं. बोलायला तिला वेळ लागला, पण या वेळी तिनं सगळं बोलायचं ठरवलेलं दिसलं.

"त्या नव्या घरात नेलं तुम्ही मला. हवा चांगली, सगळं चांगलं. पन नऊ वर्सं म्या दिवसभर कोंबड्यांशी बोललेय. तुम्ही रातच्याला यायचा, जेवायचा, झोपायचा. ही गाडी काढली, आन तुम्ही दुपारचं घरी राह्यला लागले. समोर बसून ठोकत व्हते. म्या बोलले का हूं म्हनत व्हते." ती दम घ्यायला थांबली. "वासाचं बोलले असते तर तुम्ही गाडी उचलून गॅरेजात नेली असती. आन तुम्ही बी गेले असते तिकडंच."

 ती खरं बोलत होती. इसाकनं हेच केलं असतं. तिच्या भल्यासाठी केलं असतं आणि वर स्वतःला शाबासकी दिली असती.

"मग आज तरी बोलायचंस," तो कसाबसा म्हणाला. "आज तर चांदवडला जायचं होतं. आपाकडे."

"आपाला बघायचंय की. जीव लागलाय." ती रस्त्याकडे बघत राहिली. "पन तुमच्या पिशवीत एकच सदरा हाय. सकाळी ट्रंक भरताना बघितला म्या. मला सोडून तुम्ही निघनार. सहा महिनं. म्हनलं, एवढा रस्ता तरी संगं बसून जाऊ. सोसंल तितकं सोसू."

गोटीराम उठला आणि मेंढ्या बघायला आल्यासारखा झुंबरकडे चालत गेला. इसाक तिथंच बसून राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगावी असं माणूस जवळ एकच होतं. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह लागतोय ते सांगणारा हा मिस्त्री. घरातलं माणूस एकतीस वर्षं काय बोलत होतं ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

ऊन चढायला लागलं. ओझर अजून तासा-दीड तासाच्या चालीवर. गाडीत सकीनाला पुन्हा बसवणं शक्य नव्हतं, इथं बसून राहणंही शक्य नव्हतं. झुंबर म्हणाला, रस्ता सोडून शेतातनं पायवाट हाय, द्राक्षांच्या मळ्याकडनं जाती, सावली हाय, मी निम्म्यापर्यंत येतो. सकीना म्हणाली, सावकास चालले तर जमंल मला.

इसाकनं कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यातून गॅरेजची चावी काढली. हात ऑइलनं इतके वर्षानुवर्षांचे काळे की धुतले तरी काळेच. त्यानं चावी गोटीरामच्या तळहातावर ठेवली.

"तू गाडी घेऊन ओझरला पुढं हो. सगळी दारं उघडी ठेव, पोचलास की सेल बाहेर काढून टाक. चिमणाला सांग, आम्ही चालत येतोय. आपण मिळून चांदवडला जायची दुसरी काहीतरी सोय बघू, बैलगाडी बघू, नाहीतर काय बघायचं ते बघू. आणि उद्या एसटीनं कॅम्पात गेलास की ही महेबूबला दे. म्हणावं, तूच उघड, तूच बंद कर. मिस्त्री यायला वेळ लागेल."

"किती दिवस म्हणून सांगू?" गोटीरामनं विचारलं.

इसाकनं सकीनाकडे बघितलं. "ते हिला विचार."

सकीना बाभळीचा आधार घेऊन उठत होती. इसाकनं हात पुढं केला, तो तिनं धरला आणि उभी राहिली. कपाळावरचा घाम पुसला. गोटीराम चावी हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभा होता.

"आधी ओझर तर येऊ द्या," ती म्हणाली, आणि पायवाटेला लागली.